एकोणीस नंबरचा दिवा

१

सोनखार म्युनिसिपालिटीची दिवाबत्तीची वही मंगळवारी सकाळी कपाटातून नाहीशी झाली, आणि ही बातमी सगळ्यांच्या आधी मुलींच्या शाळेला लागली. लागणारच! ठाणे आणि कल्याण यांच्या मधे, खाडीला टेकून बसलेलं हे एवढंसं गाव. पुढच्या खोलीत कचेरी, मागच्या खोलीत मुलींची शाळा आणि मधे एक लाकडी पडदी. पडदीला बोटबोट फटी. कचेरीत काही रंगात आलं की सतरा मुलींचे पाढे आपोआप हळू व्हायचे, आणि तुळसाबाई, म्हणजे त्यांच्या मास्तरीणबाई, छडी आपटायच्या ती सुद्धा हळूच.

“कपाट उघडंच होतं,” पलीकडे हरिहरपंत सांगत होते. पंत म्हणजे कचेरीचे जुने कारकून. “काल दिवसभर अंदाजपत्रकाचे कागद काढणं-ठेवणं चाललं होतं. आज पाहतो तर वही नाही.”

“बाकी?” अध्यक्ष रावसाहेबांचा जाड आवाज आला.

“बाकी सगळं जागच्या जागी. तिजोरीला हातसुद्धा नाही.”

“काल आत कोण कोण आलं?”

“गोपीनाथशेट आले, तेलाचे मक्तेदार. भिवा बत्तीवाला आला. तिसरा मी.”

मग रावसाहेब जे बोलले ते ऐकून सतरा जणींतल्या एकीच्या, क्लेमेंटिनाच्या, हातातली पाटीवरची पेन्सिल मोडली. “शुक्रवारी सभा आहे, पंत. वही नसेल तर मला दुसरा मार्ग नाही. मुलींची शाळा बंद.”

झालं होतं असं. ठाण्याहून पत्र आलं होतं की सरकारकडून मिळणारी मदत येत्या साली निम्मी होणार. तेव्हापासून रावसाहेब आणि पंत अंदाजपत्रक घेऊन बसले होते. झाडांना पाणी घालणारा गडी गेला, शिपायाचा नवा डगला गेला, रस्त्याची खडी अर्धी झाली. तरी जमा आणि खर्च यांची तोंडं जुळेनात. बावीस रुपयांची तूट काही केल्या हलेना. शेवटी सोमवारी रावसाहेब म्हणाले होते, “दिवाबत्तीला गेल्या पुऱ्या सालात दोनशे शहाऐंशी गेले. तीस दिवे आहेत. कुठला किती जळतो ते वहीत पाहू, दोन-तीन कमी करू, शाळा वाचेल. पण वही पाहिल्याशिवाय गावाचा दिवा काढणार नाही मी. उद्या ठाण्याहून जाब विचारला तर दाखवू काय?”

आणि दुसऱ्या दिवशी वहीच नाही.

क्लेमेंटिना चौदा वर्षांची होती. तिचा बाप सिल्वेस्टर जकातनाक्यावर पावत्या फाडायचा. घर ख्रिस्ती आळीत, विहिरीपाशी. ती पाचवीत होती. अजून एक साल, मग सहावीची परीक्षा, आणि मग पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज! तुळसाबाई तिथूनच शिकून आल्या होत्या. तिथल्या लिंबाच्या झाडांबद्दल, रात्री एका समईभोवती बसून वाचणाऱ्या आठ मुलींबद्दल त्या सांगायला लागल्या की क्लेमेंटिना हातातली पाटी खाली ठेवायची. पुणं तिने पाहिलं नव्हतं. पण घाटाकडे जाणारी गाडी दिसली की ती शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभी राहायची. शाळा बंद झाली तर काय, तेही ठरलेलं होतं. वांद्र्याला मावशी एका साहेबाच्या बंगल्यात आया होती, आणि “बायला धाडून द्या, जागा हाय,” असा तिचा निरोप दर महिन्याला यायचा.

“चोर मी शोधणार,” मधल्या सुटीत क्लेमेंटिनाने जाहीर केलं.

“अगं, तू कोण? फौजदार?” तुळसाबाई म्हणाल्या.

“फौजदाराला काय पडलंय, बाई? त्याची कुठे शाळा चाललीय!”

तुळसाबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. आवरल्यावर त्यांचा चेहरा मात्र एकदम उतरला. शाळेबरोबर त्याही जाणार होत्या ना.

२

गोपीनाथशेट दुकानात पत्र्याच्या डब्यातून घासलेट मापत होते.

“शेट, दिवे कमी झाले तर तुमचा मक्ता कमी होणार ना?”

“होऊ दे की! वीस कर, दहा कर, सगळे काढून खाडीत टाक!” शेटनी माप आपटलं. “महिन्याला बावीस रुपये ठरीव मिळतात मला. त्यात तेल माझं, वाती माझ्या, भिवाचा पगार माझा. तेल कसं चढलंय बघतेस ना? दर महिन्याला हिशेबापेक्षा जास्तच जळतं, कुठे जिरतं देवाला ठाऊक. मक्ता सोडतो म्हणून तीन अर्ज दिले मी. विचार तुझ्या त्या रावसाहेबांना.”

“मग वही तुम्ही नेली नाही?”

“अगं ए शहाणे! ती वही मिळाली आणि चार दिवे कमी झाले, तर नारळ फोडीन मी. पळ.”

तीन अर्जांची गोष्ट खरी होती. कचेरीतून ती सबंध शाळेने ऐकली होती. शेट सुटले.

भिवा खाडीच्या धक्क्यावर जाळ्याला गाठी मारत बसला होता. शुद्ध अष्टमी ते वद्य चतुर्थी गावातले दिवे लावायचे नाहीत, चांदणं फुकट मिळतं, असा म्युनिसिपालिटीचा नियम. माघी पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणून भिवाला सुटी.

“भिवादादा, वही कुणी नेली?”

“मना काय इचारतंस? मना लिवता येतं का वाचता? रोज सकाळी जायाचं, कंचं दिवं जललं त्ये पंतांना सांगायचं. त्ये टिंब काढतात.”

“जेवढे दिवे तेवढी टिंबं?”

“व्हय. अंधाऱ्यात तीस दिवं, तीस टिंबं. चांदन्यात टिंब नाय.” बोलता बोलता भिवा अडला. जाळं त्याने एकदम जवळ ओढलं. “म्हंजे... मना सांगतील तसं मी लावतंव.”

“कोण सांगतं?”

“जा बाय घरी. तुझी माय हाका मारील.”

क्लेमेंटिना घरी गेली नाही. भिवा वही कशाला नेईल? त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. आणि दोन दिवे कमी झाले तर शिडी दोनदा कमी उचलायची, एवढाच काय तो फरक. पण तो काहीतरी गिळत होता, आणि ते त्याचं स्वतःचं नव्हतं.

३

बुधवारी शाळा सुटल्यावर तिने गावातले तीसच्या तीस दिवे पाहायचे ठरवले. का ते तिला धड सांगता आलं नसतं. वही दिव्यांची होती, वही सापडत नव्हती, म्हणून दिवे तरी बघावेत!

खांबांवर डांबराने नंबर घातलेले होते. एक नंबर कचेरीसमोर. वर पाहिलं तर काच पांढुरकी. मिठागरांवरून येणारा वारा काचेवर चार दिवसांत मिठाची साय धरतो. दिवा लावायच्या रात्री भिवा शिडी लावून ती पुसतो, आणि सुटीत तशीच राहू देतो. दोन नंबर, तीन, चार, बाजारातले, देवळापाशी, चर्चच्या क्रुसापाशी, सगळ्या काचा आंधळ्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांसारख्या. सतरा, अठरा तशाच.

एकोणिसावा स्टेशनच्या पायवाटेवर होता, मोठ्या चिंचेपाशी, वाट जिथे मिठागरांकडून गावाकडे वळते तिथे. क्लेमेंटिनाने मान वर केली आणि पटकन डोळे मिटले. काचेवरून उतरतं ऊन लख्ख परतलं होतं. काच आरशासारखी स्वच्छ!

खांबाच्या बुंध्याशी तेलाचा ताजा थेंब. बोट लावून वास घेतला. घासलेट. म्हणजे काल रात्रीसुद्धा, टिपूर चांदण्यात, हा एक दिवा जळला होता.

ती उरलेले अकरा बघून आली. सगळे मळलेले.

आता तिचं डोकं भराभर चालायला लागलं. नियमाबाहेर रोज एक दिवा जळतो. भिवा रोज सकाळी खरं काय ते सांगतो, म्हणजे वहीत एकोणीस नंबरपुढे चांदण्या रात्रींचीही टिंबं असणार. वही उघडली की ती रावसाहेबांना दिसणार. वही लपवायची गरज कुणाला? ज्याच्यासाठी तो दिवा जळतो त्याला. भिवाचं घर धक्क्यावर, शेटचं दुकान बाजारात. मग या वाटेने रोज तिन्हीसांजेला जातं कोण?

तेवढ्यात चिंचेखालून हरिहरपंत आले. हातात छत्री, पायात पुणेरी जोडा, चाल घाईची. ते स्टेशनकडे गेले. त्यात नवल नव्हतं. पंत कल्याणकडची गाडी बघायला रोज जातात हे गावातलं कुत्रंसुद्धा जाणत होतं. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला गाड्यांची हौस.

आज पहिल्यांदा क्लेमेंटिना त्यांच्या मागे गेली.

गाडी आली. पंत फलाटाच्या टोकाला, बायकांचा डबा थांबतो तिथे जाऊन उभे राहिले. एक कोळीण टोपली घेऊन उतरली. एक म्हातारी उतरली. दार बंद झालं, गाडी ठाण्याकडे निघून गेली. पंतांनी कुणाला काही विचारलं नाही. छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि परत फिरले. येताना घाई नव्हती.

क्लेमेंटिना मिठाच्या ढिगाआड दडली होती. चोर सापडला होता! तिला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. पण तिला आठवली वासंती, पंतांची लेक. तीन वर्षांपूर्वी याच शाळेत पहिल्या बाकावर बसायची, सगळ्यांना कित्ता गिरवून द्यायची. इंदूरला दिली होती तिला. तेव्हापासून ती एकदाही आली नव्हती.

४

गुरुवारी दुपारी बापाचा डबा नाक्यावर देऊन क्लेमेंटिना कचेरीत शिरली. रावसाहेब जेवायला गेले होते. पंत एकटेच बोरू तासत होते.

“पंतकाका, एक गणित अडलंय.”

“तुळसाबाईंना विचार.”

“त्यांना नाही येणार. तीस दिव्यांच्या काचा आहेत. एकोणतीस मळलेल्या, एक स्वच्छ. का?”

बोरूवरचा चाकू थांबला.

“कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही.”

पंत उठले, घरी गेले, आणि उपरण्यात गुंडाळलेली वही घेऊन आले. वासंतीच्या जुन्या पुस्तकांखाली ती ठेवली होती. त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि स्वतः जमिनीवर बसले, एखादा अर्जदार बसतो तसे.

“सासरी जाताना वासंती म्हणाली होती, बाबा, त्या चिंचेची मला भीती वाटते. मी संध्याकाळच्या गाडीने आले आणि काळोख झाला तर? मी म्हटलं, वळणावर दिवा असेल. पहिलं वर्षभर पत्रं यायची. मग तिच्या सासऱ्यांना सुनेने लिहिणं आवडेना.” पंतांनी उपरण्याची घडी घातली, मोडली, परत घातली. “मग अधिक महिना आला. अधिकात लेक-जावयाला बोलावतात, वाण देतात, तुमच्यात नसतं ते. तिच्या आईने तेहतीस अनारसे तळले. येतो म्हणून निरोप होता. आम्ही महिनाभर वाट पाहिली. त्या महिन्यात मी भिवाला म्हटलं, चिंचेजवळचा रोज लाव.”

“चांदण्यात सुद्धा?”

“चांदणं ढगाआड जातं, पोरी.”

“मग रावसाहेबांकडे अर्ज करायचा. तुम्हीच तर सगळ्यांचे अर्ज लिहिता!”

“अर्जात कारण लिहावं लागतं,” पंत म्हणाले. “काय लिहू?”

क्लेमेंटिनाच्या मनात आत कुठेतरी राग होता, तो वर आलाच. “आणि आमची शाळा? वासंतीताई इथेच शिकली ना? पहिली पत्रं तिने लिहिली ती कुणी शिकवलं म्हणून? तुमचा दिवा राहावा म्हणून आम्ही सतरा जणींनी अंधारात बसायचं?”

“वहीत खोटं लिहवलं नाही, टिंबं खरीच काढली. पण चौदा महिने राहिलेत पेन्शनीला. मी घाबरलो. वाटलं, रावसाहेब दुसरीकडून कुठून तरी बावीस रुपये काढतील.” पंतांनी मान खाली घातली. “नाही काढता आले. मीच सगळ्या रकमा तीनतीनदा तपासल्यात.”

करण्यासारखं काही नव्हतं म्हणून क्लेमेंटिनाने वही उघडली. दर महिन्याला एक पान. पानावर तीस ओळी, ओळींत टिंबं, आणि खाली गोपीनाथशेटचं बावीस रुपयांचं बिल डकवलेलं. चैत्र. वैशाख. ज्येष्ठ. आषाढ. श्रावण. इथून एकोणिसावी ओळ टिंबांनी गच्च भरलेली. तिने पान उलटलं.

“पंतकाका, तुम्ही चुकलात.”

“कुठे?”

“श्रावण दोनदा लिहिलाय.”

“चूक नाही ती. आधीचा अधिक श्रावण, नंतरचा निज, म्हणजे नेहमीचा, श्रावण. सांगितलं ना, अधिक महिना आला होता.”

“म्हणजे खरोखरचा दुसरा महिना? सबंध तीस दिवसांचा? त्याचंही बिल?”

“दिवे चंद्राच्या हिशेबाने लागतात, म्हणून मक्ताही पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. दर अवसेला बिल.”

ख्रिस्ती आळीत कधी महिना वाढत नाही. क्लेमेंटिनाच्या घरी बारा महिने म्हणजे बाराच. म्हणून जे पंतांना रोजच्या वरणभाताइतकं साधं होतं, ते तिच्या घशात अडकलं. ती बोटांवर मोजायला लागली. बोटं पुरेनात.

“मग त्या सालात बिलं किती झाली, पंतकाका?”

“तेरा.”

“आणि येत्या सालात अधिक महिना आहे?”

“नाही, तो त्याच्या पुढल्या...” पंतांचं वाक्य तिथेच राहिलं. ते जमिनीवरून उठले. उठले कसले, उडालेच. खतावणी ओढली. खतावणीत श्रावणाची एकच ओळ होती, आणि दोन्ही बिलं त्या एका ओळीत मिळवलेली होती. वर्षाखेरची बेरीज दोनशे शहाऐंशी. येत्या सालासाठी त्यांनी तीच बेरीज जशीच्या तशी उतरवली होती.

“बारा बावीसे किती गं?”

“दोनशे चौसष्ट!” क्लेमेंटिना ओरडली. “तेरावं बिल येणारच नाही! बावीस रुपये! तूटच नाहीय, पंतकाका! एकही दिवा काढायला नको!”

पंत हसले नाहीत. ते वहीच्या त्या पानाकडे पाहत होते. शाळेला वाचवणारं पान तेच होतं, आणि एकोणिसाव्या ओळीची भरगच्च टिंबं सुरू झाली होती तीही त्याच पानावर.

५

शुक्रवारी पडदीमागे पाढे म्हणायचं नाटक कुणी केलंच नाही. तुळसाबाईंनीच स्टूल फटीपाशी ओढलं.

पंतांनी खतावणीवरून चूक सांगितली. बिलं मोजून दाखवली, पंचांग दाखवलं. रावसाहेबांनी स्वतः बेरीज केली, मग परत केली, आणि हातातला बोरू खाली ठेवून म्हणाले, “पंत, तीन आठवडे झोप नाही मला! वही कुठे मिळाली?”

“माझ्याकडे होती.”

“कागदांत मिसळली असेल. राहू दे. शाळेची रक्कम कायम. वही बंद करा, पुढचा विषय घ्या.”

क्लेमेंटिनाने डोळे मिटून घेतले. संपलं! पंतांनी आता फक्त वही बंद करायची होती. तिची शाळा राहिली, त्यांची पेन्शन राहिली, कुणाला कळायचं कारण नव्हतं.

“मिसळली नव्हती, रावसाहेब,” पंतांचा आवाज आला. “मी नेली होती. एकोणीस नंबरची ओळ पाहावी.”

कचेरीत पानं उलटल्याचा आवाज तेवढा होत राहिला. पंतांनी सगळं सांगितलं. चिंच सांगितली, गाडी सांगितली. अनारशांचं मात्र सांगितलं नाही.

सगळ्यांत आधी मक्त्याच्या अर्जासाठी सभेला आलेले गोपीनाथशेट बोलले. “तरीच! तरीच माझं तेल कुठे जिरतं कळेना! दोन सालांचे पाच रुपये होतात, रावसाहेब. पाच रुपये मी घेणार.” मग खाकरले. “पण चोरी असं लिहू नका. आम्हाला पण मुली आहेत.”

रावसाहेबांनी पाच रुपये पंतांच्या पगारातून कापले. ठपका लिहिला, पण नोकरी ठेवली. आणि एकोणीस नंबरचा दिवा इतर दिव्यांप्रमाणे, चांदण्यात बंद, असा ठराव झाला. तो लिहायला कारकून दुसरा कुणी नव्हता. पंतांनीच लिहिला.

पडदीअलीकडे मुली एकमेकींना मिठ्या मारत होत्या. तुळसाबाई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. क्लेमेंटिनाला पुण्याची लिंबाची झाडं अगदी जवळ दिसली, आणि तरी ती फटीपाशीच उभी राहिली, ठराव लिहिणाऱ्या बोरूची करकर ऐकत.

सोमवारी मधल्या सुटीत पंत शाळेच्या दाराशी आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर जोडे काढून उभे राहिले, हातात एक कोरं पोस्टकार्ड.

“बाई, एक विनंती होती. बापाचं पत्र गेलं की वासंतीच्या सासरचे म्हणतात, तगादा लावलाय. शाळेतल्या मैत्रिणींचं गेलं तर... कदाचित देतील तिच्या हातात.”

तुळसाबाईंनी क्लेमेंटिनाकडे पाहिलं. तिने कार्ड घेतलं, टाक बुडवला, वर बाळबोध अक्षरात लिहिलं: ‘प्रिय वासंतीताईस.’

“काय लिहू, पंतकाका?”

पंतांना लिहिण्यासारखं खूप होतं. पण ते कार्ड सासरा आधी वाचणार, सासू वाचणार, उघड्यावरचं ते.

“लिही,” शेवटी ते म्हणाले, “शाळा चालू आहे.”

क्लेमेंटिनाने लिहिलं. खाली सतरा जणींनी सह्या केल्या. धाकटीने शाईचा ठिपकाही पाडला.

“आणखी काही?”

“नको. वाचून दाखव.”

“शाळा चालू आहे.”

पंत उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले, डोळे मिटून.

“पुन्हा वाच,” ते म्हणाले.